ओठ हलले, शॉट बाद

केसांच्या तेलाच्या एका जाहिरातीत एक बाई आरशासमोर वेणी घालता घालता मान वळवून हसायची. तुम्ही टीव्हीवर ती पाहिली असेल तर तुमचा एक गैरसमज आज दूर करतो. ती तेलामुळे हसत नव्हती. ती मला हसत होती. मी तिला माझ्या आत्याच्या यजमानांची गोष्ट सांगत होतो. त्यांनी बाजारातून जिवंत खेकडे घेतले, पिशवी बसमध्ये फाटली, सगळी बस पाय वर घेऊन बसली आणि कंडक्टर सीटवर उभा राहून तिकिटं फाडत राहिला. बाईंची मान वळली ती कंडक्टरपाशी.

हा माझा धंदा होता. कॅमेऱ्याच्या बाजूला एक स्टूल, स्टुलावर मी, आणि माझं तोंड सुरू. ह्या कामाला नाव नव्हतं. युनिटमधले सगळे मला बडबड्या म्हणत, आणि मीही त्या हाकेला ओ देत असे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी घाटकोपरच्या एका कचेरीत कारकून होतो. शूटिंग रविवारी असलं तर प्रश्न नसे. मधल्या वारी निघालं की मला एखादी आत्या मारावी लागे. त्या काळात माझ्या इतक्या आत्या वारल्या की साहेबांनी रजेच्या अर्जावर सही करताना एकदा विचारलं, "अजून किती शिल्लक आहेत हो?"

"दोन," मी म्हणालो. "पण दोघींची तब्येत बरी नसते."

मला ह्या कामाला लावलं एका जाहिरातपटांच्या दिग्दर्शकाने. तो माझ्याच वयाचा, मुलुंडचा. त्यांच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला मी नकला केल्या होत्या. सोसायटीचे चेअरमन, भटजी, पाणी सोडणारा वॉचमन, सगळ्यांच्या. लोक हसून लोळत होते आणि हा एकटा पाठमोरा उभा. माझ्याकडे पाठ करून तो हसणाऱ्यांचे चेहरे बघत होता. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तू काय करतोस ते मी बघितलंच नाही रे. पण तुझ्यामुळे काय होतं ते बघितलं. माझ्याकडे ये."

त्याचं शास्त्र त्याने मला वडापाव खाता खाता समजावलं. एक जाहिरात बनते ती मराठीतही जाते, गुजरातीतही, तमिळमध्येही आणि बंगालीतही. आता एखादी बाई पडद्यावर मराठीत बोलली आणि वरून तमिळ आवाज चिकटवला, तर शेळी पाला चघळतेय असं दिसतं. बाकीचे दिग्दर्शक तसंच चालवून घेत. ह्याला ते सहन होईना. मग त्याने नियमच करून टाकला: माझ्या जाहिरातीत कुणी बोलणार नाही. पुरुष असेल तर दाढी करत असेल किंवा दात घासत असेल. बाई साडी नेसत असेल आणि तिच्या ओठांत पिना धरलेल्या असतील. पोराच्या तोंडात लाडू. म्हातारी माणसं पाणी पीत असतील. आवाज बाहेरून येईल, हव्या त्या भाषेत.

सुरुवातीला ही नुसती सोय होती. पण हा माणूस विचार करणारा. सोयीची त्याने विद्या केली. "बोलणारा माणूस माल विकतो," तो म्हणे, "आणि ऐकणारा माणूस माल घेतो. घरी बसून जाहिरात बघणारा कोण असतो? ऐकणारा. मग त्याला त्याच्यासारखंच माणूस दाखव ना." म्हणून त्याला ऐकणारे चेहरे हवे असत. आणि ऐकण्याचा अभिनय करता येत नाही हे त्याचं ठाम मत. त्यासाठी खरोखर कुणीतरी काहीतरी सांगायला हवं. इथे माझा प्रवेश.

काय दिवस होते हो ते! लोणच्याच्या जाहिरातीसाठी मी एका नवऱ्या मुलीला माझ्याच लग्नात पंगतीत झालेली मारामारी सांगितली. दाढीच्या साबणाच्या वेळी मी ऐन मोक्याला गोष्ट रंगवली आणि त्या देखण्या मॉडेलने हसता हसता हनुवटी कापून घेतली. शूटिंग बंद, मॉडेल घरी, दिग्दर्शक माझ्यामागे क्लॅपच्या पाट्या फेकत. टीव्हीवर आमची जाहिरात लागली की मी घरात सगळ्यांना गप्प करून सांगे, "बघा, ही माझ्या विनोदाला हसतेय." माझी बायको भाजी निवडता निवडता म्हणे, "परक्या बाईला नवीन असतील तुमचे विनोद."

आमचा स्टुडिओ म्हणजे साकीनाक्याची एक पत्र्याची शेड. डावीकडे डबे बनवायचा कारखाना. तिथलं प्रेस मशीन दिवसभर पत्र्यावर आदळायचं. धडाम, धडाम, धडाम. शहाण्या माणसाने तिथे शूटिंग केलं नसतं. आमचा करायचा, कारण त्याला आवाज नकोच होता. त्यात आमचा कॅमेरा सुरू झाला की शिवणयंत्रासारखा खडखडायचा. ह्या सगळ्या गदारोळात मी स्टुलावर बसून कथा सांगायचो. फुप्फुसांना इतका व्यायाम त्यानंतर कधी झाला नाही.

मग आली पंख्याची जाहिरात.

पंखा छताचा आणि त्याचा एकच गुण सांगायचा होता. तो आवाज करत नाही. पंखेवाले शेठ स्वतः नमुन्याचा पंखा घेऊन शेडमध्ये आले, तो वर टांगला, चालू केला आणि तो घर्रर्र करायला लागला. शेठ प्रेस मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, "वो बाजूवाला आवाज है." आम्ही मानलं. दिग्दर्शकाची कल्पना मात्र फर्मास होती. दुपारची वेळ. एक आजोबा आरामखुर्चीत पडलेत. वर पंखा फिरतोय. आत कुठेतरी त्यांची नात पैंजण घालून चालतेय. ती दिसत नाही. पंख्याचा आवाज नसल्यामुळे आजोबांना ते इवलंसं छुमछुम ऐकू येतं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळतो. बस. अख्खी जाहिरात म्हणजे एका म्हाताऱ्याचा ऐकणारा चेहरा.

आधी नाटकातले एक बुजुर्ग नट बोलावले होते. ते आले, बसले, आणि कॅमेरा सुरू होताच त्यांनी उजवा हात कानामागे धरला, डोळे मोठे केले आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसेल इतकं ऐकलं.

"साहेब, हात नको," दिग्दर्शक म्हणाला.

"मग ऐकतोय हे कळणार कसं?" नटवर्य म्हणाले.

दुसरे आले, तिसरे आले. कुणी भुवया उंचावतो, कुणी मान हलवतो. दिग्दर्शक खुर्चीत न बसता कॅमेऱ्यामागे उभा. तो दिवसभर उभाच असायचा. संध्याकाळी तो मला म्हणाला, "ज्यांना ऐकू येतं ना, ते ऐकायचं नाटक करतात. मला असा माणूस पाहिजे, ज्याला ऐकायला कष्ट पडतात."

"म्हणजे बहिरा?"

त्याने चुटकी वाजवली. "बाबांना आणतो," म्हणाला.

त्याचे बाबा गिरणी कामगार. तरुणपणी कोकणातून आले आणि साचेखात्यात, म्हणजे जिथे मागांवर कापड विणतात तिथे, उभं आयुष्य काढलं. शेकडो माग एका छताखाली चालणार, तेव्हा कानांचं व्हायचं ते झालं. मोठा संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि म्हातारा-म्हातारी चाळीतली खोली सोडून मुलाकडे मुलुंडला राहायला आली. बाबा दिवसभर गॅलरीत बसून रस्ता बघत.

बापलेकांत भांडण नव्हतं. बोलणंच नव्हतं. बाबांशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडलं की वरच्या मजल्यावरच्या बाई दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारत, "काल काही झालं का हो तुमच्याकडे?" मग मुलाने बोलणं कमी केलं. कमी करता करता ते संपलं. जे सांगायचं ते आईला सांगायचं, आई बाबांना कसं सांगते ते कुणी कधी पाहिलं नाही. मुलाने म्युनिसिपालिटीतली नोकरी धरली नाही, हे जाहिरातींचं काम धरलं, त्याबद्दल बाबांना काय वाटतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला ते जाणून घ्यायची भूक होती. माझ्यासारख्या बडबड्याला अशा गोष्टी लोक सांगतात, कारण त्यांना वाटतं मी ऐकतच नाहीये. तो मला म्हणाला होता, "त्यांनी एकदाच विचारलं रे. टीव्हीवर माझी जाहिरात लागली होती. म्हणाले, 'तुझ्या पिक्चरातली माणसां बोलनत कशी नाय?'"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? अनेक भाषा, डबिंग, ओठांचा मेळ, हे सगळं ओरडून? म्हटलं, सांगतो नंतर."

ठरल्या दिवशी बाबा आले. कडक इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी, दाढी घोटून केलेली. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि थबकले. शेजारचं प्रेस मशीन धडाम धडाम करत होतं. पायांतून त्यांना ते कळलं असावं. चेहरा असा खुलला की मी दिग्दर्शकाला म्हणालो, "अरे, कॅमेरा लाव, झाली तुझी जाहिरात." बाबा आत यायचे सोडून थेट डब्यांच्या कारखान्यात गेले, मशीनपाशी उभे राहिले, आणि तिथल्या ऑपरेटरशी त्यांचं काहीतरी सुरूही झालं. मी त्यांना बोलवायला गेलो तर म्हणाले, "आमच्या गिरणीत इल्यासारख्या वाटता."

त्यांना आरामखुर्चीत बसवलं. वर पंखा. मी स्टूल सरकवून जवळ बसलो आणि घसा खाकरून, छातीत हवा भरून, गावजेवणाला आमंत्रण द्यावं तसा ओरडू लागलो, "तर काका, आमच्या आत्याचे यजमान..."

बाबांनी हात वर केला. "आरडतंस कित्याक? तोंड हयसर कर आणि बोल."

मी तोंड त्यांच्याकडे केलं आणि साध्या आवाजात बोलू लागलो. आणि काय सांगू! म्हाताऱ्याला शब्द न् शब्द पोचत होता. पिशवी फाटली, तिथे डोळे बारीक. खेकडे निघाले, तिथे हनुवटी वर. कंडक्टर सीटवर चढला आणि बाबा असे हसले की टोपी सरकली. मला स्वर्ग दोन बोटं उरला. बहिऱ्या माणसाला हसवणारा कथेकरी मी! कॅमेरामनकडे वळून मी कॉलर ताठ केली. बहिऱ्या माणसाला माझी गोष्ट कळली कशी, हा प्रश्न मला पडला नाही. आपल्या गुणांमुळे झालं असं ज्याला वाटतं, तो दुसरं कारण कशाला शोधेल?

आता खरा शॉट. मी हळू, गोड गोष्ट धरली. माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं पैंजण, आणि ते हरवू नये म्हणून ती पाय न उचलता घरभर कशी घसटत चालायची, ते. कॅमेरा खडखडू लागला. बाबांचा चेहरा आधी शांत होता. मग डोळ्यांच्या कडा हलल्या. मग गालांवरून काहीतरी खाली उतरत आलं आणि ओठांच्या कोपऱ्यांत थांबलं. असलं हसू मी नंतर पाहिलं नाही.

आणि मग बाबांनी माझ्यावरची नजर काढली. माझ्या खांद्यावरून पलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला, जिथे त्यांचा मुलगा घामाघूम उभा होता, तिथे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. आवाज काही आला नाही.

"कट!" दिग्दर्शक ओरडला. "ओठ हलले. शॉट बाद."

पुन्हा घेतला. पुन्हा तेच. तसंच सुंदर हसू, मग नजर मुलाकडे, मग ओठांची ती बारीक हालचाल. "कट! अरे यार, ओठ!" कॅमेरामन म्हणाला, "म्हातारे आहेत, दातांची कवळी चाचपत असतील." दिग्दर्शक म्हणाला, "सुपारी आहे का तोंडात, बघ जरा." मी पुढे वाकून म्हणालो, "काका, झकास चाललंय. फक्त ओठ मिटून, आणि माझ्याकडेच बघा."

त्यांनी टोपी नीट केली. "बरां," म्हणाले.

त्यानंतरच्या शॉटमध्ये ओठ मिटलेले होते आणि हसू अर्धंच आलं. आणखी घेतले, प्रत्येकात थोडं कमी. शेवटी दिग्दर्शकाने पहिलाच शॉट निवडला आणि एडिटिंगच्या टेबलावर ओठ सुटतात तिथेच तो कापला. पंखेवाले शेठ इतके खूश झाले की सगळ्यांना एकेक पंखा देतो म्हणाले. माझा अजून यायचाय.

जाहिरात गाजली. मुलुंडमध्ये बाबा भाजी आणायला गेले की पोरं पाय आपटून छुमछुम करून दाखवत. बाबा हसत. घरी येऊन गॅलरीत बसत. दिग्दर्शकाला वाटत होतं, आता ते काहीतरी बोलतील. बरं, वाईट, काहीतरी. त्यांनी जाहिरात पाहिली आणि आईला काहीतरी सांगून ते उठून गेले. आईला काय सांगितलं ते विचारावं, असं त्याच्या मनात आलं, पण ते राहून गेलं. पुढच्या उन्हाळ्याच्या आधीच बाबा गेले. झोपेत गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. गिरणीतले जुने सोबती आले होते, खाली सतरंजीवर बसले होते. दिग्दर्शक दारापाशी उभा, मी त्याच्या शेजारी. आई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. इतक्यात साचेखात्यातल्या एका म्हाताऱ्या सोबत्याने खोलीच्या त्या टोकाहून तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे ओठ हलले. आवाज नाही. आईचे ओठ हलले. तिचाही आवाज नाही. म्हाताऱ्याने मान हलवली आणि आईने एक कप ट्रेमधून काढून बाजूला ठेवला.

दिग्दर्शकाने ते पाहिलं. तो आत गेला, मी त्याच्या मागे.

"आई, ते काय म्हणाले?"

"चाय नको म्हणान सांगल्यानी. साखर झाली हा तेंका."

"पण ते बोलले कुठे?"

आईला प्रश्नच कळेना. "बोललें ना. साचेखात्यात सगळे असेच बोलत. थंय मागांच्या आवाजात कोण कोणाचा आयकतलो? तोंडार बघून समाजता. तुझे बाबा माझ्याशी असांच बोलत. चाळीत एक खोली, तुम्ही पोरां निजलेली. आवाज केल्यार उठश्यात." मग ती कप विसळता विसळता सहज म्हणाली, "ती पंख्याची जायरात बघलेनी ना, तेव्हा म्हणाले, 'माझां बोलणां कापल्यान गो.' माका वाटला, मस्करी करतत."

तो भिंतीला टेकला. बाहेर लोक हळू आवाजात रेल्वेच्या गर्दीबद्दल बोलत होते.

त्यानंतर त्याने त्या कापलेल्या तुकड्यांचा शोध घेतला. मी अजून एक आत्या मारली आणि त्याच्याबरोबर फिरलो. अंधेरीला जिथे एडिटिंग झालं होतं तिथे गेलो. जाहिरातीत वापरलेलं सगळं नीट डब्यात होतं. पहिला शॉट लावून पाहिला. बाबा हसतात, नजर वळते, आणि अगदी शेवटच्या चौकटीत ओठ एकमेकांपासून नुकते सुटतात. पुढे काळं. बाद झालेल्या शॉटचं विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "ते कोण ठेवतं साहेब? भंगारात जातं."

भंगार कुठे जातं? आमच्याच साकीनाक्याला. आमच्या शेडपासून दोन गल्ल्या सोडून एक अंगण होतं. तिथे मोठमोठ्या पिंपांत जुन्या फिल्म भिजत घालून त्यांच्यावरचा थर उतरवत, कारण त्यात चांदी असते. धुतलेल्या पट्ट्या दोरीवर वाळत टाकलेल्या, काचेसारख्या स्वच्छ. "ह्याचं पुढे काय करता?" मी विचारलं. "शर्टाच्या कॉलरीला आतून लावायला जातात." दिग्दर्शकाने एक पट्टी हातात घेतली आणि सवयीने उजेडासमोर धरली. तिच्यातून समोरची गल्ली दिसत होती, हातगाडी, एक बकरी. त्याने ती तशीच बराच वेळ धरून ठेवली. त्याचा नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. त्या नियमाने त्याने कितीतरी चांगली कामं केली. पण त्या अंगणात त्याने मला विचारलं, "मी त्यांना गप्प का केलं रे?"

काही दिवसांनी तो माझ्या कचेरीत आला. साहेबांसमोरच म्हणाला, "तू कुणाचीही नक्कल करतोस ना? बाबांच्या ओठांची कर. आई ओळखेल."

मला आधी हसू आलं. मग आनंद झाला. एवढी मोठी भूमिका मला कुणी दिली नव्हती. मग बस थांब्यापर्यंत पोचेस्तोवर दोन्ही उतरले. मी त्यांच्यासमोर हाताच्या अंतरावर बसलो होतो. ओठ मी पाहिले होते. पण आठवत काय होतं? माझी गोष्ट.

रविवारी दुपारी मुलुंडला गेलो. आई पलंगावर बसली. मी तिच्यासमोर खुर्ची घेतली. दिग्दर्शक गॅलरीच्या दारात, हाताची घडी घालून, उभा. शेडमध्ये उभा राहायचा तसाच. मी डोळे मिटून त्या दिवसाला हाक मारली. पंखा, प्रेस मशीन, पैंजण. मग डोळे उघडले आणि आवाज न करता ओठ हलवले.

आई फिसकन हसली. "ह्या काय? ह्या नाटक झाला."

"तसंच होतं, काकू."

"कायतरीच. तेंच्या तोंडात विडी असली तरी पडायची नाय, इतके हळू बोलत ते. तू तर बोंब मारतंस."

आयुष्यात मला कुणी लहान करायला सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी "अजून कर, अजून कर" म्हटलेलं. मी हालचाल निम्मी केली. आई म्हणाली, "मोठां झाला." आणखी कमी केली. "मोठां." माझ्या गालांना रग लागली. ओठ दोनदा मिटले होते, एवढं मला खात्रीने आठवत होतं. मधलं काय, कुणास ठाऊक. प्रत्येक वेळी मला वाटे, आता जुळलं, आणि प्रत्येक वेळी तो माझाच चेहरा असे.

"तेव्हा खंय बघीत होते ते?" आईने विचारलं.

"ह्याच्याकडे."

"मग तू माझ्याकडे कित्याक बघतंस?"

मी मान वळवली. दारात उभ्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या पाठीमागे उजेड होता, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होता. कधीपासून असा उभा आहे हा, मला वाटलं. आणि माझे ओठ हलले. मी हलवले असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आई ह्या वेळी हसली नाही. मग मुलाकडे बघून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बस मां रे. कवासून उभो रवलंस?"

तो होता तिथेच, जमिनीवर, बसला. उभं आयुष्य मागासमोर उभं राहून काढलेल्या माणसाने आपल्या दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलाला हेच सांगितलं असेल का? की ती आपली एक आई थकलेल्या पोराला बसायला सांगत होती? तो म्हणाला, "आई, बाबा हेच म्हणाले होते?"

"माका काय ठावक? मी थंय होतंय?" आई म्हणाली. "ह्याका विचार. ह्यो बघीत होतो."

दोघं माझ्याकडे बघू लागली. मी, ज्याने निरोगी आत्यांना दर महिन्याला पोचवलं, ज्याने बसभर खेकडे सोडले, त्याला एक खोटं काय जड होतं! नुसतं "हो" म्हटलं असतं तर त्या घरात सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण ती आई माझ्या ओठांकडे बघत होती.

"बहुतेक," मी म्हणालो.